गुहेत राहिलेला वारा

दरसाल रामनवमी उरकली की भुजंगबुवा अंजनेरीला निघायचे. मारुतीरायाचा जन्म तिथला, नाशिकाकडच्या डोंगरातला. चैत्री पौर्णिमेचा सूर्य तिथं उभं राहून बघायचा, हा बुवांचा नेम. नवमीपर्यंत आमच्या गोदाकाठच्या गावात कीर्तनं करायची, दशमीच्या सकाळी शेवटचं कीर्तन करायचं आणि चिपळ्या झोळीत टाकून अंबडवरून जालन्याच्या टेसनाची वाट धरायची. निजामाची आगगाडी त्यांना मनमाडला सोडी, पुढचं रामाच्या हवाली.

आवाज असा, की बुवांनी नुसतं "राम" म्हटलं तरी दिवसभर उन्हात राबलेल्या माणसाला रांजणातलं पाणी प्याल्यासारखं वाटावं. खोड मात्र एक होती. दशमीची कथा ते ऐन अडचणीच्या जागी मोडायचे आणि म्हणायचे, "पुढचं अंजनेरीहून आल्यावर!" एका साली सीतामाईला अशोकवनात रडत ठेवून गेले, एका साली लक्ष्मणाला रणात बेशुद्ध पाडून. लोक हसायचे, शिव्याही घालायचे, आणि बुवा परत आले की सगळं गाव देवळापुढं जमायचं.

त्या साली त्यांनी मारुतीचाच जन्म लावला. अंजनीचं लेकरू उगवत्या सूर्याला फळ समजून झेपावलं. इंद्राचं वज्र हनुवटीवर बसलं. लेकरू डोंगरावर निपचित पडलं. वायूदेवानं ते उचललं, गुहेत नेलं, मांडीवर घेतलं आणि रागानं तो तिथंच बसून राहिला. त्रिभुवनात वारा म्हणून उरला नाही.

इथं बुवांच्या चिपळ्या थांबल्या. ते गालात हसले.

"पुढचं..."

"अंजनेरीहून आल्यावर!" सगळे ओरडले.

"बुवा, तवर आमी दम धरून बसू का?" मल्हारीनं विचारलं आणि हशा पिकला.

एकट्या बायनामाय हसल्या नाहीत. गावातली सगळ्यात म्हातारी बाई. काठी टेकत पुढं आल्या. "भुजंगा, सीता ठिवलीस, चाललं. वायूला गुहेत ठिवून कथा सोडत नसतेत. बाहीर काढ आन् मंग जा."

"माय, गाडी चुकंल. नेम चुकंल." बुवांनी त्यांच्या पायाला हात लावला आणि ते निघाले.

तिन्हीसांजेला गावाच्या ध्यानात आलं. चुलींचा धूर सरळ वर गेला आणि छपरांच्या वर जाऊन थिजला. देवळावरचं निशाण भिजल्यासारखं काठीला चिकटलं. वारा नसतानाही सळसळणारा पिंपळ, त्याचं एक पान हलेना. उकाडा म्हणून लोक अंगणात निजले. सकाळी उठले तर धूर तिथंच.

खळ्यावर मल्हारी तिपाईवर चढला. ज्वारी मळून पडली होती, वाऱ्यावर उपणायची होती. त्यानं टोपलं डोक्याच्या वर नेऊन तिरपं केलं. दाणे आणि भुसा एकाच जागी पडले. दुसरं टोपलं ओतलं, तेही तसंच. पलीकडच्या खळ्यावरच्या माणसाला त्यानं हाक मारली. त्या माणसानं मान वळवली नाही. हाक चार पावलांवर जाऊन पडली, असं मल्हारी पुढं सांगायचा.

खळं राहिलं असतं तरी चाललं असतं. पण घरात कडूबा होता.

मल्हारी आणि गोजरबाईची आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेलेली. म्हणून याचं नाव कडूबा ठेवलं, कडू म्हणून काळानं तोंड फिरवावं. दोन महिन्यांचं पोर, खणखणीत रडणारं. दशमीच्या संध्याकाळपासून त्याचं रडणंच बंद झालं. तोंड उघडायचं, चेहरा लाल व्हायचा, आवाज नाही. छाती भात्यासारखी वरखाली व्हायची आणि आत काही जात नसल्यासारखी पुन्हा वर उचलायची. बायनामायनं हळद लावली, ओवा शेकला. शेवटी पोराच्या नाकापुढं कापसाचा धागा धरला. धागा हलतोय असं वाटावं इतकाच हलला.

"याच्या अंगात कायबी दुखणं न्हाई," बायनामाय म्हणाल्या. "ह्ये त्या गुहेत अडकून राह्यलंय. बुवाला गाठा."

मल्हारीनं बैल जुंपले. गोजरबाई कडूबाला पदराखाली घेऊन गाडीत बसली.

बुवा कोणत्या वाटेनं गेले हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. दूर शिवारात वावटळ फिरताना दिसत होती. लांबच्या बाभळी हलत होत्या. रस्त्यावर मात्र वारा नव्हता. बैलांच्या खुरांची धूळ वर आली की गुडघ्याइतकी उंच व्हायची आणि मागं तशीच उभी राहायची. बुवा वळले होते तिथं ती गप्प वाट वळत होती, ते पाण्याला उतरले होते त्या आडापर्यंत उतरत होती.

"अवं, ह्ये बुवाच्या मागं मागं चाललंय," गोजरबाई हळूच म्हणाली.

"बोलू नगंस. लेकराकडं बघ."

"लेकराकडंच बघून राह्यले मी."

अंबड मागं टाकलं. ऊन डोक्यावर आलं. एका लिंबाखाली बुवा बसलेले दिसले. झोळी बाजूला, चिपळ्या हातात, ओठ हलत होते. मल्हारी गाडीतून उडी मारूनच उतरला.

"बुवा! फिरा मागं! जल्दी!"

बुवांनी वर बघितलं. ओठ हलले. आवाज आला तो जुन्या कापडाच्या चिंधीसारखा.

"कालपासून सांगून राह्यलो रे. इथंच बसून कथा पुरी करावी म्हटलं. गुहेपाशी आलो की दम सरतो. पुढचा शबूदच निघत न्हाई." त्यांनी छातीवर हात ठेवला. "जन्मठिकाणी जातो, नाक घासतो. तो क्षमा करील."

"पौर्णिमेला?" गोजरबाईनं लुगड्याचा पदर बाजूला करून कडूबाचं तोंड दाखवलं. ओठांच्या कडा जांभळ्या पडल्या होत्या. "पौर्णिमेपर्यंत ह्याचं काय करू, बुवा?"

बुवांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "तू सांग."

"मी?"

"लहानपणापासून ऐकतीस. पुढं काय होतं, ठाऊक हाय ना?"

"ठाऊक असून काय? मी बाईमाणूस. ना ताल, ना सूर."

"सूर माझ्याकडं होता. काय केलं मी त्याचं?"

गोजरबाई खाली बसली. कथा सांगायची तर आधी मारुतीरायाला आसन टाकायचं असतं. जिथं रामाचं नाव तिथं तो ऐकायला येतो, म्हणून ती जागा मोकळी ठेवायची. तिच्यापाशी कडूबाची गोधडी होती. तीच तिनं समोर अंथरली. पोराला मांडीवर घेतलं आणि शेजारणीला सांगावं तसं सांगू लागली.

"मंग सगळे देव गुहेच्या तोंडाशी आले. इंद्र म्हणला, चुकलं माझं. म्हणला, ह्या लेकराला माझं वज्र पुन्हा लागायचं न्हाई. सूर्य म्हणला, माझं तेज देतो. कुणी हे दिलं, कुणी ते दिलं. पण वायू काय उठंना. बराबरच हाय. मांडीवर लेकरू निपचित, आन् ह्यानला वाटतंय देऊन भागंल."

ती थांबली. तिच्या श्वासालाही ओढ लागली होती. मल्हारीला वाटलं, हीसुद्धा इथंच अडकणार.

"बुवा," तिनं विचारलं, "तवा अंजनी कुठं होती? तुमी कधी सांगितलं न्हाई."

बुवांनी हातातल्या चिपळ्या खाली ठेवल्या.

"मंग मी सांगते. अंजनी देवांच्या मागं उभी होती. कुणी वाट देईना. ती वाकून, अंग चोरून आत शिरली. गुहेत अंधार. ती वायूला म्हणली, तुमचा राग मला कळतो. म्या त्याला नऊ महिने वागवलंय. पण आता उठा. त्याची दूध प्यायची वेळ झाली."

समोर गोधडी दबली.

आधी मधोमध, मग दोन्ही बाजूंनी, कुणी जड अंगाचं माणूस मांडी घालून बसावं तशी. कडेची घडी सरकून सपाट झाली. शेंदराचा आणि तेलाचा वास आला. बैल मागं हटले, गाडी करकरली. मल्हारीचे हात आपोआप जोडले गेले आणि त्याला ते सोडता येईनात. गोजरबाईनं बघितलं. पण तिनं नजर पोरावर आणली आणि आवाज हलू दिला नाही.

"वायू म्हणला, लेकरू हलत न्हाई. अंजनी म्हणली, माझ्याकडं द्या. आन् त्यानं दिलं. ब्रह्मदेवानं वरून हात फिरवला. लेकरानं डोळं उघडलं. वायू उठला, आन् गुहेच्या भाईर आला."

लिंबाचा शेंडा हलला. मग खालची फांदी. मग पुरा लिंब हलला आणि रस्त्यावर उभी असलेली धूळ एकदम आडवी झाली. कडूबानं तोंड उघडलं. छाती वर गेली, वरच राहिली, गोजरबाईनं त्याला उराशी दाबलं, आणि पोर रडलं. असं रडलं की बैलांनी कान टवकारले.

मल्हारी रस्त्यातच बसून हसू लागला, डोळ्यांतून पाणी येत होतं. "रड लेका! रड! तुझ्या बापाचं काय जातंय!"

बुवांनी उठून गोजरबाईपुढं डोकं टेकवलं. झोळी उचलली आणि जालन्याकडं चालू लागले. तेव्हा तिला दिसलं. एवढा वारा सुटला होता, मल्हारीचं मुंडासं उडत होतं, आणि बुवांच्या खांद्यावरचं उपरणं सरळ खाली लोंबत होतं. त्याचं टोकही हलत नव्हतं. चार पावलांवर म्हातारा थांबला आणि छातीला हात लावून उभा राहिला.

"अवं," गोजरबाई म्हणाली, "त्यानला गाडीत घ्या."

"आन् खळं? आता वारा सुटलाय."

"वारा उद्याबी असंल. हे टेसनापर्यंत पोचायचे न्हाईत. मोडलेली कथा लेकरापुरती जुळली, त्यांच्यापुरती न्हाई."

मल्हारीनं बुवांना धरून गाडीत बसवलं. गोधडी उचलायचा धीर त्याला होईना. गोजरबाईनंच ती दोन्ही हातांनी उचलली, गाडीत बुवांच्या शेजारी पसरली आणि स्वतः कडेला सरकून बसली. ती जागा कुणी घेतली नाही.

मल्हारीनं बैलांना जालन्याच्या वाटेला हाकललं. रिकाम्यासारखी गाडी, तरी बैलांनी खांदे लावले, पोती भरल्यावर लावतात तसे, आणि चाकं धुळीत खोल रुतत फिरू लागली. मल्हारीनं मागं वळून बघितलं नाही.

कडूबा भोकाड पसरून रडत होता. गोजरबाईनं त्याला पाजायला घेतलं, बुवांकडं तोंड केलं, आणि त्याच्या रडण्याच्या वर आवाज चढवून कथा पुन्हा पहिल्यापासून धरली.