बहिणीच्या गाडीला शर्यतीचे टायर

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे आणि माझं डोकं फिरलेलं आहे. टायरला डोकं नसतं हे मला ठाऊक आहे, ते सांगायला कुणी येऊ नका. म्हाताऱ्यांनी आपली कहाणी सांगताना गोड बोलावं, उसासे टाकावेत आणि झाल्या गेल्याबद्दल सगळ्यांना माफ करून टाकावं, अशी पद्धत आहे. मला ते जमणार नाही. मला राग आलेला आहे. तो का आला हे ऐकल्याशिवाय मी तुम्हाला इथून हलू देणार नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. रबर, काजळी, पोलादी तारा आणि धागे यांचं कच्चं कडं करून मला साच्यात कोंबलं आणि चांगलं भाजून बाहेर काढलं. शेजारच्या रांगेत साधे टायर तयार होत होते. त्यांच्या अंगावर खोल खोल खाचा होत्या, पाणी बाहेर फेकायला. माझ्या अंगावर मोजून चार खाचा. मी शर्यतीच्या ट्रॅकसाठी जन्मलो होतो. कोरडा रस्ता, जोरात वळणं, आणि दोन फेऱ्यांत अंग चांगलं तापलं की मी जमिनीला असा चिकटायचो की विचारू नका. पण गार असताना मी नुसता दगड, आणि ओल्या रस्त्यावर त्याहून वाईट. यात माझा काही दोष नाही. माझ्या कागदावर हे सगळं छापलेलं होतं, आणि तो कागद कुणीही वाचला नाही.

मी आणि माझे तीन भाऊ मावशींच्या दुकानात आलो. मावशी म्हणजे टायरवाल्या मावशी. अख्खा रस्ता त्यांना मावशीच म्हणायचा. कमरेला पाना, चष्म्याला दोरी, आणि कुणाचीही भीड नाही. एके दिवशी एक तरणाबांड गृहस्थ आला. आठवडाभर कचेरीत बसायचा आणि रविवारी गावाबाहेरच्या ट्रॅकवर गाडी पळवायचा. त्याची धाकटी बहीण त्याला दादा म्हणायची, म्हणून मीही दादाच म्हणतो, जरी ते म्हणताना हल्ली माझे दात करकरतात. हो, दातही नाहीत मला. पुढे ऐका.

रस्त्यावर आणि ट्रॅकवर दोन्हीकडे झकास चालेल असा टायर द्या, असं दादाचं म्हणणं. मावशी म्हणाल्या की मधला टायर मिळतो, पण मग दोन्हीकडे थोडं थोडं सोसायचं. नाहीतर दोन संच ठेवायचे, साधे रोजच्यासाठी आणि हे ट्रॅकसाठी. ट्रॅकवर गेल्यावर चाकं बदलायची, निघताना परत बदलायची, आणि त्याचा कंटाळा करायचा नाही. दादाने छाती फुगवून दोन संच घेतले. मावशींनी त्याला मेणाचा एक पिवळा खडू दिला. टायर एकदा कडकडीत तापून गार झाला की त्याच्या आतल्या अंगाला एक रेघ ओढायची. तापण्यागणिक रबर थोडं थोडं कडक होत जातं, ते डोळ्यांना दिसत नाही. दहा रेघा झाल्या की खाचांची नक्षी कितीही शिल्लक असो, टायर उतरवायचा. मावशींनी हे त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

ते पहिलं वर्ष, मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं सोन्याचं वर्ष. मी पुढचा डावा. आमच्या ट्रॅकवर वळणं बहुतेक उजवीकडची, म्हणजे गाडीचा सगळा भार माझ्यावर. दादा जॅक लावून चाकं बदलायचा, मला गुंडाळून आणायचा, हवा मोजायचा, आणि संध्याकाळी अंगावर अडकलेले खडे एकेक करून काढायचा. हात लावून बघायचा, अजून ऊन आहे का. लोक वाकून मला बघायचे, तेव्हा मी फुगायचो. हवा तर होतीच.

मग कंटाळा शिरला. चार चाकं बदलायची म्हणजे घाम निघतो, हात काळे होतात. शिवाय कचेरीतले मित्र म्हणाले की हे टायर काय रुबाबदार दिसतात. झालं. दादाने आम्हाला आठवडाभर गाडीवरच ठेवायला सुरुवात केली. भाजी आणायला मी, दाढी करायला जायचं तरी मी. सिग्नलला थांबलेल्या गाडीखाली मी गार पडून कुडकुडायचो आणि हा काच खाली करून लोकांना माझं नाव सांगायचा. साधे टायर धूळ खात पडले, आणि एक दिवस कुणाला तरी देऊनही टाकले. रेघा मात्र तो ओढत होता. सहा. नऊ. दहाव्या रेघेला मावशी रस्त्यात भेटल्या आणि म्हणाल्या, उतरव आता. तो हो हो म्हणाला. चौदा. एकोणीस. नक्षी अजून जवळजवळ नव्यासारखी होती, तिच्यावर बोट फिरवून तो स्वतःचीच समजूत घालायचा.

आता ज्यासाठी तुम्हाला थांबवलं तिथे येतो.

दादाने नवी गाडी घेतली. त्याच सुमारास धाकटीला नोकरी लागली, रुग्णालयाच्या रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत. दोन वर्षं अर्ज करून मिळालेली नोकरी. सकाळी सहाला हजर व्हायचं, आणि त्या वेळी एकही बस नाही. गाडी नाही तर नोकरी नाही, इतका साधा हिशोब. दादाने जुनी गाडी तिला द्यायचं ठरवलं. मनापासून दिली बरं का, ते मी नाकारत नाही. द्यायच्या आदल्या दिवशी त्याने गाडी धुतली, आतून पुसली, आणि चाकं काढून आम्हाला ब्रशने खसाखसा घासलं. पिवळ्या रेघांवर येऊन त्याचा हात थांबला. मी पाहिलं. अगदी क्षणभर थांबला. मग त्याने त्याही घासून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी चावी देताना तो धाकटीला म्हणाला, "टायर बघ. शर्यतीचे आहेत. यापेक्षा भारी तुला कुणी देणार नाही." तिचे डोळे भरून आले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला तोंड असतं तर मी त्या गल्लीत बोंब ठोकली असती. ज्या मुलीला गाडी शिकून तीन महिने झालेत, जी भल्या पहाटे गार रस्त्यावर सावकाश जाणार आहे, तिच्या गाडीला ट्रॅकचे कडक झालेले टायर? आणि तेही लाड म्हणून! मित्रांनो, ही चूक साधा माणूस करूच शकत नाही. साध्या माणसाकडे असे टायरच नसतात. ही चूक करायला गाड्यांतलं सगळं कळावं लागतं आणि कंटाळाही तेवढाच दांडगा असावा लागतो.

दोन महिने ती जपून चालवत होती. वळणावर हळू, सिग्नलला हळू. मीही जीव मुठीत धरून होतो. एका सकाळी महापालिकेचा टँकर रस्ता धुऊन नुकताच पुढे गेला होता. गारठा होता. बसथांब्यापाशी तिने ब्रेक दाबला, अगदी शिकवल्यासारखा, जोरात नाही की उशिरा नाही. मी जमीन पकडायला गेलो आणि हाताला काही लागलंच नाही. गाडी साबणावरून सरकावी तशी सरकली. थांब्यावर एक आजोबा उभे होते. ते कसे बाजूला झाले ते त्यांचं त्यांनाच माहीत. आम्ही त्यांच्या पिशवीवरून जाऊन थांब्याच्या भिंतीवर आदळलो. धाकटीच्या खांद्याला पट्ट्याचा वळ उठला, कपाळाला खोक पडली, बाकी ती धड होती. बाहेर येऊन ती आजोबांचे हात धरून पुन्हा पुन्हा म्हणत होती की माझं चुकलं, माझंच चुकलं.

गाडी मावशींच्या शेजारच्या गॅरेजात आली आणि आम्ही चौघे मावशींच्या दुकानात. गॅरेजवाला दादाला म्हणाला, "भारी टायर होते म्हणून एवढ्यावर भागलं." आणि दादाने मान डोलवली. डोलवली! आयुष्यभर मी कौतुकाला हपापलेला होतो, पण तेवढं कौतुक मला आगीसारखं लागलं.

मावशींकडे काट्याचं एक छोटं यंत्र आहे, घड्याळाएवढं. ते रबरावर दाबलं की रबर किती कडक झालंय ते कळतं. त्यांनी ते माझ्यावर तीन ठिकाणी दाबलं. मग मला उलटं करून आतल्या अंगाला बॅटरीचा उजेड मारला. घासलेल्या पिवळ्या रंगाचा एक फिकट डाग राहिला होता. त्यांनी बॅटरी विझवली. दादाला एवढंच म्हणाल्या, "तिला सांग. तू सांगेपर्यंत या गाडीला मी चाक लावणार नाही."

सांगतो म्हणाला. एक आठवडा गेला, दोन गेले. तिसऱ्या आठवड्यात तो आला तो चक्क हलक्या आवाजात एक नवाच विचार घेऊन आला. धाकटी रजा काढून घरी बसलीय, पुन्हा गाडीला हात लावणार नाही म्हणते. तिला झोपेत ते आजोबा दिसतात. ती नोकरी सोडणार आहे, महिनाअखेरीस. मग गाडी विकूनच टाकू, आता सांगून तरी काय उपयोग, तिला उगाच त्रास. मित्रांनो, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलीने दोन वर्षं खपून मिळवलेली नोकरी बुडत होती, ती स्वतःला गुन्हेगार समजत होती, आणि ह्याला त्रासाची काळजी!

मावशी उत्तर देणार तोच धाकटी दारात आली. गाडीतला तिचा पांढरा कोट आणि छत्री न्यायची होती. कपाळावर खोकेचा वण होता. आत टायरांचा ढीग बघून ती दोन पावलं मागे सरकली. मावशींनी हातातला पाना टेबलावर ठेवला आणि दादाकडे नुसतं बघितलं.

दादा बोलला. आधी रस्त्यावरच्या पाण्याबद्दल बोलला, मग टँकरबद्दल, मग कसाबसा टायरांबद्दल. हे टायर तसे संपलेले होते, ओल्यात धरत नाहीत, गारठ्यात तर नाहीच.

"तुला माहीत होतं?" धाकटीने विचारलं.

"नक्षी तशी शिल्लक होती, म्हणून मला वाटलं..."

"दादा, माहीत होतं का?"

"हो."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही.

"तीन आठवडे मी स्वतःला शिव्या देतेय," ती म्हणाली. "तू समोर बसून जेवत होतास."

दादाची मान खाली गेली ती वर आली नाही. त्याने माफी मागितली, खरी मागितली असावी. तिने ती ऐकून घेतली. मग ती मावशींकडे वळली. तिने सरळ विचारलं: "मावशी, मी पहाटे साडेपाचला निघते. गारठा असतो, रस्ता धुतलेला असतो. मला काय लावायचं?"

मावशींनी तिला खुर्ची दिली. साधे, खोल खाचांचे चार टायर समोर मांडले आणि प्रत्येकाची खाच दाखवून कुठून पाणी बाहेर जातं ते समजावलं. धाकटीने खाचांमध्ये बोट घालून बघितलं, प्रश्न विचारले, आणि स्वतः निवडले. गाडीची दुरुस्ती कधीच झाली होती, त्या दिवशी संध्याकाळच्या आत चाकंही बसली. चावी फिरवायला तिला वेळ लागला. दोनदा हात मागे घेतला. दादा दुसऱ्या बाजूच्या दारापाशी जाऊन उभा राहिला, तिने दार उघडलं नाही. तिसऱ्यांदा चावी फिरली आणि गाडी हळूहळू चौकाकडे गेली, वळणावर थांबली, आणि नीट वळली. दादा चालत घरी गेला.

मग मावशींनी धारदार सुरी काढली आणि माझ्या कुशीला हातभर लांब चीर दिली. माझ्या तिन्ही भावांनाही. कारण आमची नक्षी अजून छान दिसते, आणि उद्या कुणीतरी येऊन म्हणाला असता की किती भारी टायर आहेत, माझ्या बायकोच्या गाडीला देता का. मित्रांनो, ती चीर मला दुखली नाही. एवढ्या वर्षांत माझी खरी काळजी त्या एका बाईने घेतली.

तुम्हीही कुणाला तरी काहीतरी द्याल. आपल्याकडचं सगळ्यात भारी द्याल, प्रेमाने द्याल. द्या. पण ती वस्तू त्या माणसाच्या सकाळी, त्याच्या रस्त्यावर चालणार आहे का, एवढं आधी बघा. आणि चुकलात, तर त्याच दिवशी तोंड उघडा. मी टायर होतो, मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.