बारा जण आणि अठरा पायऱ्या

बाबांनी माजी सैनिकांच्या बंधुसंघाच्या अकरा शाखा उभ्या केल्या होत्या. बारावी अर्धवट टाकून ते गेले. ती पुरी करायचीच, असं त्यांच्या लेकीनं मनाशी पक्कं केलं.

संघाचा नियम साधा होता. बारा माजी सैनिक एका खोलीत जमले आणि हजेरीला स्वतःच्या तोंडानं "हजर" म्हणाले, की शाखा झाली. निरोप चालत नसे, सही चालत नसे. तीन सभांत बारा जमले नाहीत, तर गाव वगळलं जाई. खाणीच्या या गावात बाबांनी दोनदा सभा बोलावली होती. दोन्ही वेळा आठच डोकी. न आलेल्यांची कारणं त्यांच्या वहीत होती: काम आहे, पाहुणे आहेत, वेळ नाही.

तिसऱ्या सभेच्या आदल्या दिवशी सकाळी ती वही घेऊन दारोदार फिरली. शेवटी शिंप्याकडे आली. तो एके काळी तोफखान्यात होता.

"तुमच्या वडिलांना सांगितलं होतं, मला वेळ नाही," मशीनवरून मान न उचलता तो म्हणाला. "सभा तिथेच ना? वाचनालयात, वर?"

"हो, काका."

"मग नाहीच जमायचं."

"वेळ नाही म्हणे!" आतून बायको कडाडली. "दिवसभर रस्त्यानं जाणाऱ्यांना हाका मारून गप्पा छाटतात. गुडघा वाकत नाही, ते सांगा की!"

"तू गप गं!"

"तोफा ओढल्याच्या बढाया ऐकून कान किटले माझे. अठरा पायऱ्या म्हटलं की तोंड लपवतात!"

शिंपी कानापर्यंत लाल झाला. लेकीला हसू आलं, आणि ते अर्ध्यावरच थांबलं. शेवटचं वर्षभर बाबा खाली बैठकीतच झोपत. "पहाटेच्या बातम्या ऐकायच्या असतात," म्हणत. तिनं ते खरं मानलं होतं. वाचनालयाच्या जिन्यात ते मध्येच थांबून सूचनाफलक वाचत. दोन्ही सभांना तोच फलक, तितकाच वेळ. जिना जड जातो का, हे त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. त्यांना कुणी विचारलं असतं, तर त्यांनीही थापच मारली असती.

"काका, उद्या सभा तुमच्या दुकानात."

"इथे? इथे कात्री ठेवायला जागा नाही!"

"खोली हवी, एवढंच नियमात आहे. कितव्या मजल्यावर, ते नाही."

मग ती पुन्हा पहिल्या दारापासून फिरली.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचं टेबल रस्त्यावर गेलं. मध्यवर्ती कार्यालयाचे निरीक्षक आले. सगळे त्यांना पाठीमागे 'फूटपट्टी' म्हणत.

"पत्रात वाचनालय आहे," ते म्हणाले.

तिनं नियमांचं पुस्तक त्यांच्यापुढे उघडून धरलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. "बरं. पण उंबऱ्याच्या आत असेल तोच धरणार."

माणसं खांद्याला खांदा लावून आत सरकली. कुणी पुतळ्याच्या कोटाला टेकलं, कुणी कापडाच्या ताग्यांवर बसलं. अकरा झाले. निरीक्षकांनी घड्याळ पाहिलं आणि वही मिटायला घेतली.

"थांबा," ती म्हणाली. "ते बघा."

रस्त्याच्या टोकाकडून वहीतला बारावा सैनिक, घड्याळदुरुस्तीवाला, कुबड्यांवर येत होता. त्याला हात द्यायला एकही जण हलला नाही. सगळे एकदम छताकडे, बटणांच्या डब्यांकडे पाहू लागले. तीही पुढे झाली नाही. बटणांकडेच पाहत राहिली.

"किती वेळ?" निरीक्षक म्हणाले.

"लागेल तेवढा."

निरीक्षकांनी स्टूल ओढलं. "असू दे. मलाही जरा बसायचंच होतं," म्हणत त्यांनी हळूच गुडघा चोळला. शिंप्याच्या बायकोनं पदर तोंडाला लावला.

कुबड्या उंबऱ्याच्या आत आल्या. हजेरी सुरू झाली. बारावा "हजर" धापा टाकत, पण ठणठणीत आला.

निरीक्षकांनी शिक्का मारला. "तुमच्या वडिलांच्या यादीत पुढचं गाव नदीपलीकडचं. जागाही ठरवून ठेवली होती त्यांनी. शाळेचा वरचा हॉल."

तिनं बाबांची वही उघडली, 'वरचा हॉल' या शब्दांवर काट मारली आणि विचारलं, "तिकडची पहिली बस किती वाजता आहे?"