जनीच्या घरची पाहुणी

मित्रांनो, मी फणसाच्या लाकडाचा एक जुना पोळपाट आहे. रोह्याच्या सुताराने मला घडवलं आणि लग्नातल्या भांड्यांबरोबर मी पेणला, रामवाडीत चंद्रावतीच्या घरी आलो. उन्हाळा आला की आमच्याकडे पोह्याचे पापड. आज हिच्या ओटीवर, उद्या तिच्या. प्रत्येकीने आपला पोळपाट काखेत मारून जायचं, लाटायचं, तेलात बुडवलेल्या लाट्या खायच्या आणि गावभरची उणीदुणी काढायची. माझं कौतुक काय विचारता! "चंद्रावतीच्या पोळपाटावरचा पापड म्हणजे निव्वळ कागद गो," बायका म्हणायच्या.

पुढे चंद्रावतीचे गुडघे धरले आणि तिची मुलगी सुरभी मला नेऊ लागली. शेजारची जनी तिची जिवाची मैत्रीण. केसांना चपचपीत तेल, अंगात बहिणीचा जुना ड्रेस. "सुरभे, चल गो!" म्हणत दारात हजर. सुरभी तापाने फणफणली तेव्हा उशाशी बसली ती हीच.

मग सुरभी रोह्याला कॉलेजात गेली आणि तिला पिंकी भेटली. गॉगल काय, नखं काय! सुरभीच्या डोक्यात वारं शिरलं. आमच्याकडे पापड होते त्या दिवशी पिंकी घरी आली. जनी माझ्यावरच लाटत होती.

"ही कोण गं?" पिंकीने विचारलं.

"कामाला येते," सुरभी पटकन म्हणाली.

जनीने हातातला पापड पुरा लाटला, वाळत घातला आणि घरी गेली. मला त्या बोलण्याची आजही चीड येते.

दुसऱ्याच दिवशी पिंकीने आमच्याकडे गुपचूप काढलेला, पिठाने माखलेल्या चंद्रावतीचा फोटो सगळ्या कॉलेजला पाठवला. वर लिहिलं, 'पापडवालीची राजकन्या'. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं! सुरभी आईच्या कुशीत ढसाढसा रडली.

जनीकडचा पापडांचा दिवस आला. बोलावणं नव्हतं, तरी सुरभी मला काखेत घेऊन गेली.

"जनी, चुकलं गो माझं. मी पण लाटते."

जनीने आतून खुर्ची आणली, पदराने पुसावी तशी ओढणीने पुसली. "बसा. पाहुण्यांना आम्ही कामाला नाय लावत."

लाट्या सगळ्यांना मिळाल्या. सुरभीला कपबशीतून चहा आला. मला मांडीवर घेऊन ती बसून राहिली. वाकडा शब्द कुणी बोललं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

मित्रांनो, मला धुवा, पुसा, नाहीतर चुलीत घाला, मी लाकूडच. पण पोशाखावरून माणूस जोखू नका, हात जोडतो. जनी अजून शेजारीच राहते. वाटेत भेटली की सुरभीला हसून विचारते, "बरं हाय ना तुमचं?"