घरचा वाफा

बाळाच्या वाटीत काय पडतंय, हे कोणती आई पाहत नाही? पण क्षितिजाचं पाहणं जगावेगळं! बोळिंजच्या फ्लॅटमध्ये भाजी आली की आधी मिठाचं पाणी, मग व्हिनेगर, मग पुन्हा नळाची धार. तिच्या सासूबाई, मथुराआई, वाडीतली भाजी घेऊन सोसायटीच्या फाटकाशी विकायला बसत. वर चहाला आल्या की हसायच्या, "भाजी धुतेयस की न्हाऊ घालतेयस?"

अनुष्काचे भात-वरणाचे घास सुरू झाले आणि क्षितिजाने बाजारची भाजी बंदच केली. आगाशीला सासऱ्यांची वाडी होतीच. तिथे विहिरीकडचे वरचे वाफे विक्रीचे, त्यांच्यावर हरिश्चंद्रबाबा नेमाने फवारणी करत. सगळ्यात खालचा, कुंपणालगतचा वाफा घरचा. त्याला औषधाचा थेंब नाही. ही रीत क्षितिजाला फार आवडायची.

एका रविवारी ती अनुष्काला कडेवर घेऊन लाल भोपळा न्यायला वाडीत आली. फवारणी उरकून बाबा पाण्याच्या पाटात पंप धुवत होते. पांढरा फेस पाटातून निघाला, उताराने एकेक वाफा ओलांडत खाली आला आणि घरच्या वाफ्यात, थेट भोपळ्याच्या वेलाशी मुरला.

क्षितिजाने फेसाकडे बोट दाखवलं. "बाबा, हे पाणी कुठे आलं पाहिलंत?"

"त्यात काय? मी कायम इथेच धुतो. माती सगळं गिळते."

"गिळते हो हरिभाऊ, पण पचवते का सगळं?" कुंपणापलीकडून रोझलिन टीचर म्हणाल्या. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या टीचर कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. "काही औषधं मातीतले जीवजंतू लवकर मोडून टाकतात. काही मातीच्या कणांना चिकटून वर्षानुवर्षं बसतात. पाण्यात विरघळणारी मुळांवाटे पिकात चढतात. आणि जुन्या चिवट औषधांच्या बाबतीत भोपळ्याची मुळं भारी हावरट! इथे केळी होत्या तेव्हा बुंध्याशी औषधाची पूड टाकायचात, आठवतं?"

"मी धुऊनच शिजवते, टीचर," क्षितिजा घाईने म्हणाली.

टीचरनी दाण्यांची वाटी खाली ठेवली. पांढऱ्या शेवंतीचं एक फूल देठासकट खुडलं, निळ्या शाईच्या पाण्यात उभं केलं आणि पेला तिच्या हातात दिला. "आज इथेच राहा. सकाळी बघ."

सकाळी पाकळ्यांच्या कडा निळ्या झाल्या होत्या!

"आता धू बघू," टीचर म्हणाल्या.

क्षितिजाने फूल नळाखाली धरलं, चोळलं. पाकळी फाटली, पण निळा रंग गेला नाही.

बाबांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी नातीला विष खाऊ घातलं?"

"तपासल्याशिवाय तसं म्हणू नका. औषध शाईएवढं चढेलच असं नाही. पण वाट हीच."

"मग घरचा वाफा वर विहिरीजवळ न्या! आजच!" क्षितिजा म्हणाली.

"नेतो की. खालचा विक्रीला लावू."

ओट्यावर पालकाच्या जुड्या बांधणाऱ्या मथुराआईंचे हात थांबले. "तुझ्या खालच्या मजल्यावरची जोआना रोज माझ्याकडून जुडी नेते. तिची ॲंजेला आपल्या अनुष्काएवढीच. तिला कोणता वाफा गं?"

 लिफ्टमध्ये अनुष्काचं बोट ओढणारी ॲंजेला क्षितिजाच्या डोळ्यांसमोर आली. आपण आई झालो, पण एकाच मुलीची!

"बाबा, वाफा हलवू नका," ती हळूच म्हणाली. "रीतच बदलू या."

त्या दिवशी टोपली बोळिंजला गेलीच नाही. पंप पाटावरून उठला तो कायमचा. माती तपासायला दिली, भोपळ्याचा वेल काढून तिथे झेंडू लावला. वरच्या वाफ्यांत शेणखत, पालापाचोळा पडू लागला. कीड दिसली तरच औषध, तेही सल्ल्याने, आणि त्यानंतर ठरलेले दिवस उलटल्याशिवाय काढणी नाही.

"पालकाला भोकं पडली तर गिऱ्हाईक नाक मुरडेल," बाबा कुरकुरले.

"मुरडू दे. मुरडलेलं नाक सरळ होतं," मथुराआईंनी ऐकवलं.

पुढच्या हंगामात वाफ्यांत गांडुळं दिसू लागली. फाटकाशी जोआनाने भोकांचा पालक निरखत विचारलं, "मावशी, ही भाजी घरची की विकायची?"

"आता दोन वेगळ्या नाहीत, बाय. अनुष्का खाते तीच."

वाचकहो, मातीला कुंपण कळत नाही आणि पाण्याला आपलं-परकं कळत नाही. आपल्या लेकराची वाटी स्वच्छ हवी असेल, तर आधी सगळ्यांचा वाफा स्वच्छ ठेवायला हवा!