जाईबाईंचा उजवा कान

लहूदादा जाऊन आठ दिवस झाले होते, जाईबाईंना ते अजून कोणी सांगितलं नव्हतं, आणि ते कळू द्यायचं नाही एवढं एकच काम डोक्यावर घेऊन उपासना आपल्या सासूला फ्लोरिडात फिरायला घेऊन आली होती.

लहू हा जाईबाईंचा थोरला मुलगा. नागपूरला कामठी रोडवर संध्याकाळी बाइकवरून घरी येताना ट्रकनं उडवलं, जागच्या जागी गेला. जाईबाई तेव्हा धाकट्या विवेककडे, व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला सहा महिन्यांसाठी आलेल्या, आणि मार्चमध्येच त्यांच्या छातीत स्टेंट बसलेला. विवेकनं आईला सांगितलं की ऑफिसच्या कामासाठी शिकागोला जावं लागतंय आणि तो थेट नागपूरचं विमान धरून गेला. एअरपोर्टवर त्यानं उपासनाचा हात इतका घट्ट धरला होता, की बांगडीचा वळ उठला. दादाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकून मी येतो, तोवर आईला काही कळता कामा नये, मी येऊन मीच सांगीन, एवढंच तो म्हणाला.

म्हणायला सोपं होतं हो. जाईबाईंचा फोन दुरुस्तीला गेलाय असं सांगून उपासनानं तो कपाटात साड्यांखाली दडवला, पण अ‍ॅशबर्नमधल्या माणसांची तोंडं कशी दडवणार? रविवारी बुद्धवंदनेला जमणारी पंचवीस घरं, सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर बातमी आलेली. शुक्रवारी उत्तरा मेथीच्या भाजीचा डबा घेऊन आली ती दारातच रडायला लागली, तेव्हा हिच्या आईची तब्येत बरी नाही अशी थाप उपासनाला मारावी लागली, आणि जाईबाई बिचाऱ्या उत्तराच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. उपासनानं त्याच रात्री तिकिटं काढली. सेंट ऑगस्टीनचं नाव ऑफिसातल्या मोनालीनं सुचवलं होतं. युरोपातल्या लोकांनी येऊन वसवलेलं अमेरिकेतलं सगळ्यात जुनं शहर, साडेचारशे वर्षांपूर्वीचं, स्पॅनिश गल्ल्या, किल्ला, चर्च, आणि दिवसभराची गाइडेड टूर. मोनाली म्हणाली, दिवसभर कानावर काही ना काही पडत राहतं यार, विचार करायला वेळच मिळत नाही.

कानावर पडण्याची सोयही तशी चोख होती. ग्लेन नावाचा गाइड, सत्तरीचा, गवताची टोपी घातलेला, कॉलरला माइक लावून हळू आवाजात बोलायचा आणि बाकीच्यांना गळ्यात अडकवायची एक डबी आणि एका कानात घालायचं यंत्र दिलेलं. जाईबाईंना इंग्रजीचा गंध नाही, म्हणून उपासनानं त्यांच्यासाठी यंत्र घेतलंच नव्हतं. ती स्वतः डावीकडे उभी राहून मराठीत सांगणार होती. पण नागपूरला इंदोऱ्याच्या अंगणवाडीत तीस वर्षं काढलेली ती बाई, वाटप चाललेलं असताना आपल्याला वगळलेलं तिला कसं खपावं? सगळ्यांना दिलं, मला काहून नाही, असं म्हणून त्यांनी ग्लेनपुढे हातच केला. ग्लेननं हसून टोपलीतली शेवटची डबी काढली आणि यंत्र अदबीनं त्यांच्या उजव्या कानात बसवून दिलं. आता बसतील कान खाजवत, असं मनाशी म्हणत उपासना हसली. आठ दिवसांत पहिल्यांदाच तिला हसू आलं होतं.

किल्ला समुद्राला लागून होता, शिंपल्यांच्या दगडाचा. तोफेचे गोळे त्या भिंतीत फुटत नसत, रुतून बसत, असं काहीसं ग्लेन पाच मिनिटं सांगत होता. उपासनानं ते दोन वाक्यांत आटोपलं, कारण तिचं अर्धं लक्ष फोनकडे होतं. जाईबाई मान डोलवत म्हणाल्या, "हो, ते सांगितलं त्यानं."

कोणी सांगितलं, असं उपासनानं विचारलं, तेव्हा त्यांनी कानातल्या यंत्रावर बोट ठेवलं आणि मराठी बरं बोलतो हो हा, म्हणाल्या. उपासनानं आपल्या यंत्राची बटणं चाचपून पाहिली. भाषा बदलायची सोय कुठे दिसली नाही, तिच्या कानात ग्लेन इंग्रजीतच बोलत होता. हातवाऱ्यांवरून अंदाज बांधत असतील, टीव्हीवरचे कोरियन कार्यक्रमसुद्धा त्या असेच समजून घेतात, असं म्हणून तिनं तो विषय सोडून दिला. उलट तिला बरंच वाटलं. सासूचं मन रमलं होतं.

किल्ल्यावरून घोळका जुन्या गावात शिरला. दोन माणसं शेजारी चालली की तिसऱ्यानं मागे राहावं अशी ती गल्ली, दोन्हीकडे लाकडी सज्जे, खाली आइस्क्रीमची आणि टोप्यांची दुकानं. जाईबाई पुढे चालत होत्या आणि मधूनमधून हं, हं करत होत्या, फोनवर गाऱ्हाणं ऐकून घेताना करतात तसं. एका जुन्या दगडी दारापाशी ग्लेन थांबला, घोळका थांबला, जाईबाईही थांबल्या, आणि उपासना काही सांगणार तोच त्या म्हणाल्या, की हा सांगतोय तो रस्ता माझ्या ओळखीचा आहे. पंपाच्या पुढे दुभाजक फुटलेला आहे, तिथून लोक बाइक घालतात. उसाच्या रसाचं दुकान आहे. त्याच्यापुढे नाल्यावरचा पूल.

उपासनानं ओळखलं, हा तर कामठी रोड, लहूदादा गेले ती जागा. हे सगळं विवेकनं तिला फोनवर सांगितलं होतं, पोलिसांबरोबर जागा बघून आल्यावर, रडत, एकेक गोष्ट मोजून सांगावी तसं. तिनं ते कोणालाही सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं? दिवसभर ग्लेनच्या वाक्यांचं मराठी करता करता आपल्या तोंडून दुसरंच काही गेलं असेल का? आठ दिवस एकच गोष्ट ओठांशी दाबून धरलेली, झोप धड नाही, काय बोललो ते शपथेवर सांगता येईना. तिला स्वतःचीच भीती वाटायला लागली. बघू आई तुमचं, म्हणत तिनं जाईबाईंच्या कानातलं यंत्र काढून आपल्या कानाला लावलं. त्यात काहीच नव्हतं, साधी खरखरसुद्धा नव्हती. त्यानंतर तिनं भाषांतर बंद केलं आणि घसा बसलाय अशी आणखी एक थाप ठोकून दिली. जाईबाईंचं त्यावाचून काही अडलं नाही.

साडेबाराला जेवायला थांबले तेव्हा ग्लेन टेबलाटेबलापाशी फिरत यंत्रं तपासत होता. जाईबाईंच्या डबीकडे बघून तो ओशाळला. हिचा दिवा लागत नाही, बॅटरी सकाळपासूनच संपलेली असणार, माफ करा मॅडम, म्हणत त्यानं खिशातून दुसरी काढली. उपासनानं ते सांगितलं तर जाईबाईंनी छातीवरची डबी मुठीत धरली आणि हीच राहू दे, म्हणाल्या. मग ताटातला भात चिवडत, अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं त्या म्हणाल्या, "त्याची एक चप्पल सापडत नाही म्हणतो. पुलाखाली पडली आहे, कोणाला तरी पाठव म्हणतो."

ही चपलेची गोष्ट उपासनाला ठाऊक नव्हती. विवेकनं ती कधी सांगितलीच नव्हती. खरं तर तिला हायसं वाटलं, कारण ही गोष्ट खोटी निघाली की बाकीचं सगळं सासूच्या मनाचे खेळ ठरणार होते. टेबलाखाली फोन धरून तिनं विवेकला लिहिलं, दादांच्या चपला मिळाल्या होत्या का? नागपुरात रात्रीचे दहा वाजले होते तरी उत्तर लगेच आलं. एकच मिळाली, पण तुला कोणी सांगितलं? उपासना त्या अक्षरांकडे बघत बसली. कोणी सांगितलं हे लिहिण्यासारखं नव्हतं. मग कुठली दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, तिनं लिहिलं, पुलाखाली बघ. सकाळी जा, असं लिहायला हवं होतं, ते तिनं लिहिलं नाही. विवेकनं लिहिलं, झोप लागतच नाहीये, आत्ता जाऊन येतो, शेजाऱ्यांची बाइक आहे.

दुपारचं चर्च, जुनी शाळा, कुठल्याशा गव्हर्नरचं घर, यातलं उपासनाला पुढे काही आठवलं नाही. ती दर दोन मिनिटांनी फोन बघत होती. पोहोचलास का, असं तिनं तीनदा विचारलं आणि तिन्ही निरोपांपुढे एकेकच टिक राहिली. नाल्याशी रेंज नसेल, चार्जिंग संपलं असेल, असं ती स्वतःला समजावत राहिली. चर्चमध्ये मेणबत्त्यांच्या रांगेसमोर बाकावर बसल्यावर जाईबाईंनी तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, की सकाळी मला आवाज ओळखू आला नाही. परक्यांसमोर बोलतात तसा सावरून बोलत होता. आता ओळखला.

उपासनाचा बांध तिथे फुटला. आई, मला सांगायचं होतं, रोज सांगायचं होतं, विवेक नको म्हणाला, तुमच्या छातीची भीती होती, असं काय काय ती पुटपुटत राहिली. जाईबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण श्वास शांत होता. उपासना त्यांच्या छातीकडेच बघत होती.

"तू काही सांगू नको," त्या म्हणाल्या. "तो सांगतोय ना हळूहळू. मला झेपेल तेवढंच सांगतो."

थोड्या वेळानं त्यांनी पदरानं नाक पुसलं. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेली, वस्तीतल्या बायकांना अंगात येण्याचं खूळ सोडायला लावणारी ती बाई स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली, "आपला भुताखेतांवर विश्वास नाही. पण पोरगा बोलतोय तर आईनं ऐकायचं नाही का?"

खरं सांगायचं तर उपासनाला यावर वाद घालायचाच नव्हता. आठ दिवसांचं ओझं उतरलं होतं, सासू जिवंत होती, तिच्या हाताची नाडी उपासनाच्या बोटांखाली नीट चालत होती, आणि विवेकची भीती खोटी ठरली होती. कसं कळलं याच्याशी काय करायचंय, कळलं आणि निभावलं. हे त्याला कधी एकदा सांगते असं तिला झालं. चर्चच्या पायऱ्या उतरता उतरता तिनं त्याला फोन लावला. रिंग गेलीच नाही.

टूर खाडीकाठी संपायची होती. पाच वाजायला आले होते, ऊन अजून चांगलं कडक होतं, समोर पुलावरून गाड्या जात होत्या, आणि ग्लेन सगळ्यांचे आभार मानून डब्या टोपलीत गोळा करत होता. घोळक्यातली माणसं त्याच्याशी हस्तांदोलन करून एकेक पांगत होती. जाईबाई काठावरच्या बाकावर बसल्या होत्या. उपासनानं आपली डबी दिली, सासूचीही आता आणून देते असं ग्लेनला सांगितलं, आणि बाकाकडे जाता जाता विवेकच्या मित्राचा, नकुलचा नंबर शोधायला लागली. नागपुरात तो शेजारच्याच गल्लीत राहत होता. आत्ता अडीच वाजले असतील तिकडे, झोपमोड झाली तर झाली, पण आता कोणाला तरी उठवायलाच हवं होतं.

नंबर लावण्याआधी तिचं लक्ष जाईबाईंकडे गेलं. त्या उजव्या कानावर तळवा दाबून पुढे वाकल्या होत्या, आणि दिवसभरात पहिल्यांदाच त्यांना ऐकायला त्रास होतोय असं वाटत होतं. कपाळावर आठ्या होत्या. तू कधी आलास, असं त्या कोणाला तरी हलक्या आवाजात विचारत होत्या. मग त्या कान देऊन ऐकत राहिल्या, आणि हो, आहे, इथेच आहे, असं म्हणाल्या.

उपासना जिथे होती तिथेच थांबली. जाईबाईंनी मान वर केली, गर्दीत तिला शोधलं, गळ्यातली डबी काढली, कानातलं यंत्र पदराला पुसलं, आणि घरी दुसऱ्याचा फोन आल्यावर देतात तसं ते तिच्यापुढे धरलं.

"विवेक आहे," त्या म्हणाल्या. "तुला दे म्हणतोय."