जबड्याची पट्टी

डाग गेलाच नव्हता. त्रिकोणी पट्टीच्या टोकाला, बोटाच्या पेराएवढा, फिकट गुलाबी — मागच्या शिबिरात मुलींनी रक्त म्हणून बीट किसून चोळलं होतं, त्याचा. साबण झाला, लिंबू झालं, दोन उन्हं दाखवून झाली, पण डाग आपला तिथेच... आणि ती अंगठ्याने तो पुन्हा पुन्हा घासत उभी होती, जणू मैदानावर गोल करून बसलेले हे नवे स्काउटशिक्षक, हे हौशी स्वयंसेवक तिच्या तोंडाकडे बघत थांबलेलेच नव्हते.

"ताई, सुरू करायचं ना?" त्यांच्यातल्या बसड्रायव्हरने विचारलं.

"हो, करू या की. मांडीचं हाड मोडलंय असं धरायचं. जखमी कोण होतंय?"

कोणीच हात वर केला नाही. गवत ओलं होतं, आणि गणवेश सगळ्यांचे आजच नवेकोरे. तेवढ्यात व्हरांड्यातून आवाज आला, "मीच होतो की!" — आणि तिला न बघताही कळलं कोण ते. इस्त्री. त्याचं खरं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिने मनातल्या मनात हेच ठेवलं होतं, कारण हा माणूस तंबूत झोपून उठला तरी त्याच्या शर्टाची धार मोडत नसे. जिल्ह्याचा संघटक. बँकेतला साहेब. आधी प्लास्टिकची चटई मागवली, ती हाताने झटकली, मग चटईवर उताणा पडला आणि एकाला म्हणाला, "फोटो काढा हं, ताई शिकवताहेत असा." सगळे हसले. तीही हसली. हसणं तिला जमतंच. हसण्यातच तर सगळा घात झाला.

वार्षिक मेळाव्यात तिला स्टेजवर बोलावलं तेव्हाही ती अशीच हसत गेली होती. वाटलं, इतकी वर्षं पथक चालवलं, त्याचं कौतुक असेल. दवाखान्याच्या खिडकीत आठवडाभर लोकांच्या हातावर औषधं ठेवायची आणि शनिवारी दुपारी शाळेमागच्या पाण्याच्या टाकीपाशी मुलींना गाठी, चुली, नकाशे शिकवायचे, यात आपली अर्धी हयात गेली, म्हणून दोन शब्द बोलतील चांगले... आणि बोललेच की! पुष्पगुच्छ तिच्या हातात ठेवून इस्त्री माइकवर म्हणाला, "ताईंनी खूप केलं. आता ताईंना आपण विश्रांती देऊ या. पुढच्या महिन्यापासून ताई आपल्या सल्लागार, आणि त्यांचं पथक मोठ्या पथकात सामील." टाळ्या. पहिल्या रांगेत बसलेल्या तिच्या मुलींनीसुद्धा टाळ्या वाजवल्या, त्यांना काय कळतंय. त्या टाळ्यांत, त्या फुलांआडून, ती हसत राहिली, आणि फोटोवाल्याने नेमकं ते हसणं टिपलं. आता जो विचारेल त्याला इस्त्री तो फोटो दाखवतो. ताई तर खूश आहेत, बघा ना! त्याच्यापेक्षा मला माझ्या त्या हसण्याचा जास्त राग येतो. थोबाड फोडावंसं वाटतं, माझंच.

मोठं पथक गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथवर या मुलींना घरचे पाठवणार नाहीत, हे त्यालाही माहीत आहे. सामील म्हणजे बंद. गाशा गुंडाळा म्हणायचं, पण गोड बोलून. आणि आज जेवण झालं की हॉलमध्ये सभा, सगळ्या पथकप्रमुखांनी हात वर केले की नवी रचना मंजूर. इस्त्रीने मांडायचं, बाकीच्यांनी हात वर करायचे. झालं.

"लक्ष द्या," ती म्हणाली, आणि गुडघ्यावर बसली. "काठी बगलेपासून घोट्याच्या खालपर्यंत. दोन पायांच्या मध्ये घडी केलेलं कांबळं. पट्टी अंगाखालून कशी घालायची? माणसाला उचलायचं नाही. मान, कंबर, गुडघा, घोटा — जमिनीपासून अंग जिथे मुळातच उचललेलं असतं तिथून सरकवायची, आणि मग जागेवर ओढून घ्यायची."

कमरेखालच्या पोकळीतून पट्टी सरकवताना तिचा हात त्याच्या पाठीला लागला, आणि तिला आठवलं — हाच माणूस पहिल्यांदा आला तेव्हा त्याला साधी डॉक्टरी गाठ येत नव्हती. उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. दोन्हीदा तो उजवंच वर घ्यायचा, गाठ तिरकी बसायची, ताण आला की करकचून आवळायची, सुटता सुटायची नाही. कितीदा त्याचे हात धरून तिने ती बांधून घेतली. "अरे, ही पेशंटला रुतते, आणि रात्री सोडायची वेळ आली की कात्री लागते. आपल्याकडे पट्टी कापायची नाही." तेव्हा ती त्याला अरे म्हणायची. तिच्या पथकात मदतनीस म्हणून आला होता, टाकीपाशी उकिडवा बसून मुलींसोबत बटाटे सोलायचा. मग वरच्यांच्या बैठकांना जायला लागला, मग संघटक झाला, मग ती त्याला सर म्हणायला लागली. त्याने एकदाही म्हटलं नाही, ताई, सर कशाला.

केसाने गळा कापला, केसाने.

छातीवर एक. कमरेवर एक. घोट्यांवर आठाच्या आकड्यासारखी. मोडलेल्या जागेच्या वर, खाली, गुडघ्यांवर. गाठी सगळ्या न मोडलेल्या बाजूला. इस्त्री डोळे मिटून पडला होता. भूमिका चोख करत होता, त्यात शंकाच नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि कुठून कोण जाणे, तोंडातून शब्द गेले, "आणि समजा, मनगटही मोडलंय."

"दोन्ही?" गोलातल्या गणिताच्या बाईंनी वहीतून डोकं वर काढत विचारलं.

"दोन्ही. पडताना माणूस हात टेकतोच ना."

दोन्ही हात पोटावर घेऊन तिने बांधले, वरून दंडांसकट एक रुंद पट्टी. लोकांना मजा वाटत होती. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, पडला कुठून हा माणूस, चौथ्या मजल्यावरून?" आणि ती म्हणाली, "खूप वर चढला होता." पुन्हा हशा. इस्त्रीच्या मिटल्या ओठांचा कोपराही हलला. हस, मेल्या, हस.

शेवटची, ती डागवाली पट्टी तिच्या हातात उरली.

"ही जबड्याची," ती म्हणाली. "जबडा मोडला असेल तर हनुवटीखालून घेऊन डोक्यावर बांधायची. तोंड उघडता येत नाही मग." आणि ती थांबली. बांधावी? सभेला न्यावं याला असाच, स्ट्रेचरवर, गाठोडं करून, आणि ठेवावं टेबलावर... मांडा आता नवी रचना! तिला आतून इतकं खदखदून हसू आलं की तिने मान खाली घातली. पण तेवढ्यात जेवणाची शिट्टी झाली आणि गोल फुटला. सकाळपासून पोटात काही नव्हतं कुणाच्या.

ड्रायव्हर भला माणूस, तो इस्त्रीच्या घोट्याशी वाकला. "थांबा, सरांना सोडतो आधी."

"नको नको," इस्त्री डोळे न उघडता म्हणाला. "ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं. ताईंचा नियम आहे. तुम्ही व्हा पुढे."

तिचाच नियम. पोरी एकमेकींच्या गाठी ओरबाडून पट्ट्या फाडायच्या, म्हणून तिनेच घातलेला. तो याने पाळावा! सगळे गेले. मैदान रिकामं झालं. हॉलकडून ताटांचा आवाज यायला लागला. ती बराच वेळ त्याच्या शेजारी बसून राहिली, हातात जबड्याची पट्टी, आणि एकही गाठ सोडली नाही.

मग ती बोलली. ठरवलं नव्हतं, घरी भांडी घासताना, दवाखान्यात गोळ्या मोजताना इतक्या वेळा मनात बोलून झालं होतं की आता ते आपोआपच आलं, आणि अरेतुरेवर आलं.

"तुला लाज कशी वाटली नाही रे? मला एका शब्दाने विचारलं असतंस. माझ्या घरी येऊन जेवून जायचास, तेव्हा तोंड शिवलं होतं? माझ्या पोरींकडून टाळ्या वाजवून घेतल्यास! ती उंच पोर, आम्ही तिला जिराफ म्हणतो, ती मला विचारते, ताई, पुढच्या महिन्यात आम्ही कुठे यायचं? काय सांगू तिला? सांग ना, काय सांगू? ती घरी चकार शब्द बोलत नाही, माहितीये तुला? फक्त शनिवारी बोलते. आता कुठे बोलेल ती? तुझ्या रचनेत आहे का तिच्यासाठी रकाना?"

तिने थांबून श्वास घेतला. त्याच्याकडे पाहिलं. छाती संथ वरखाली होत होती, पट्टीसकट. डोळे मिटलेले. तोंड किंचित उघडं.

झोपला.

झोपला की काय मेला! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके दिवस जे जपून, घोळवून, धार लावून ठेवलं, ते सगळं आपण एका झोपलेल्या माणसापुढे ओतलं! नवरा म्हणतो तेच खरं. जाऊ दे गं, तो चांगल्या मनानेच म्हणाला असेल, तूच उगाच मनाला लावून घेतेस. लेक तर सरळ म्हणाली होती, आई, तुला सोडवत नाही, एवढंच आहे. आणि काल रात्री मलाही वाटलंच होतं की... मलाही वाटलं होतं की एक वय झालेली बाई आपली टाकी आणि आपली शिट्टी धरून बसली आहे, आणि त्या बिचाऱ्याने फुलं देऊन तिला सांभाळून घेतलं. कुढी. कुजकट. असेन मी तशी. काय सांगावं.

ती घोट्यांकडे सरकली. सोडावं आणि जावं जेवायला. हात वर करायची वेळ आली की खिडकीबाहेर बघावं.

घोट्यावरची गाठ सुटेना. तिने वाकून पाहिलं तर गाठ तिरकी बसलेली, आवळलेली... उजवं वर, पुन्हा उजवंच वर. तिने बांधलेली! याच हातांनी! त्याच्या पायांशी ओणवी होऊन ती नखांनी ती उकरायला लागली, आणि आपण कोणाच्या पायांशी वाकलो आहोत हे लक्षात येऊन तिने हात झटकन मागे घेतला.

"झोपलो नाहीये मी, ताई."

डोळे मिटलेलेच होते.

"मग बोलला का नाहीस?"

"बेशुद्ध माणसाने बोलायचं नसतं. तुम्हीच शिकवलंत."

हॉलकडे कोणीतरी मोठ्याने हसलं.

"आधी विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता," तो म्हणाला. आवाजात रागही नव्हता, ओशाळेपणाही नव्हता; बँकेत हप्ता समजावून सांगावा तसा सांगत होता. "आणि तुम्ही नाही म्हटलं की निम्मे लोक नाही म्हणाले असते. म्हणून स्टेजवर घेतलं. हातात फुलं असली की माणूस भांडत नाही."

"ठरवून?"

"ठरवूनच. वाईट वाटलं मला, खोटं नाही सांगत. पण झालं ना नीट." मग डोळे उघडून त्याने तिच्याकडे पाहिलं, जमिनीवरूनच, मान उचलून. "सोडा आता. सभा आहे."

ठरवून.

तिला वाटलं होतं, असं काही ऐकलं तर आपण कोसळू. झालं उलटंच. इतके दिवस छातीवर जे बसलं होतं ते उठून गेलं... म्हणजे मी वेडी नव्हते. मनाला लावून घेतलेलं नव्हतं, लावलेलंच होतं, मोजून, फुलांसकट. नवऱ्याचं ‘जाऊ दे गं’, लेकीचं ‘सोडवत नाही’, काल रात्रीची ती स्वतःचीच कीव, सगळं एकदम खोटं पडलं, आणि उरला तो नुसता राग. स्वच्छ, कुणाची परवानगी न मागणारा. भूकसुद्धा लागली तिला. कित्येक दिवसांनी लागली.

ती त्याच्या घोट्यांपासून उठली आणि पुन्हा डोक्याशी येऊन बसली, पाय लांब करून, अगदी ऐसपैस.

"ताई?"

शिट्टी झाली. सभेची. व्हरांड्यात खुर्च्या ओढल्याचे आवाज, आणि मग गणिताच्या बाई खांबाआडून ओरडल्या, "ताई! सर आहेत का तिकडे? सगळे थांबलेत!"

"आहेत आहेत!" ती ओरडली. "येतोच आम्ही. बसू द्या सगळ्यांना."

बाई आत गेल्या. इस्त्रीने खांदे हलवून पाहिले. पट्ट्या जराही सरकल्या नाहीत, मग त्याने हात ओढून पाहिले. पहिल्यांदाच त्याच्या शर्टाची धार मोडली. कपाळावर घाम आला होता, आणि त्याला तो पुसता येत नव्हता.

"ताई, काय चाललंय? सोडा ना."

"बेशुद्ध माणसाने बोलायचं नसतं," ती म्हणाली, मुलींशी बोलते तशा आवाजात. "डोळे मीट बघू."

आणि त्याने मिटले. सवयीने असेल, तिच्या हाताखाली घालवलेल्या वर्षांमुळे असेल, पण मिटले. तिला वाटलं होतं, आता हसू येईल. आलं नाही. तिने मांडीवर जबड्याची पट्टी पसरली, डाग आतल्या बाजूला घेऊन एक घडी घातली, मग दुसरी, रुंद पट्टीची अरुंद झाली. बांधायची की खिशात ठेवायची ते अजून तिचं तिलाच ठाऊक नव्हतं, पण हात इतके शांत होते की तिला त्यांची थोडी भीतीच वाटली.