सहा पौंडांचा चमत्कार

"उतरले! सहा पौंड उतरले! सकाळी या काट्यावर चढली ती बाई वेगळी, आणि आत्ता तुमच्यासमोर उभी आहे ती वेगळी!"

ध्वनिक्षेपक फाटायचा तेवढा बाकी होता. अमेरिकेत, आयोवातल्या एका काउंटीच्या जत्रेत डुकरांच्या लिलावाला एरवी पन्नास माणसं जमली तरी खूप. आज त्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. काडीला खोचलेलं डुकराचं मांस हातातच थंड करत लोक माना उंचावत होते, कारण मंचावर साक्षात ट्रेस लँगली उभा होता. टीव्हीवरच्या 'कायापालट' कार्यक्रमाचा प्रशिक्षक! बाह्या नसलेला सदरा, दंडांना तेल, आणि दात असे पांढरे की बघणाऱ्याने डोळे मिटावेत. शेजारी गावचाच व्हर्लिन हॉगन. धान्याच्या गोदामात काम करणारा हा लाजाळू माणूस 'कायापालट'मध्ये सात दिवसांत चोवीस पौंड उतरला होता आणि ते साऱ्या देशाने पाहिलं होतं. तो मान खाली घालून उभा होता. लोकांना तो विनय वाटत होता.

"चरबी म्हणजे काय? झोपलेली आग!" ट्रेस गरजला. "माझा ज्वाला-चहा तिला जागी करतो. पेशीन् पेशी उघडते, विष बाहेर, चरबी बाहेर! मात्र पहिलं वजन झालं की पुढे पाणी प्यायचं नाही. पाण्याने आग काय होते?"

"विझते!" मंडप ओरडला.

"माझी तर अक्कलच विझायला आली," मागच्या कठड्याला टेकलेली मार्लिस ट्वेट पुटपुटली.

मार्लिस गुरांची डॉक्टर. जत्रेत येणारं प्रत्येक जनावर तिच्या हाताखालून जायचं. आज मात्र तिची नजर मंचावरून हलत नव्हती, कारण ती सहा पौंडवाली बाई म्हणजे जोलीन, तिची सख्खी धाकटी बहीण. जोलीनला मूत्रपिंड एकच. दुसरं तिने मार्लिसला दिलं होतं, आणि त्याच्याच जिवावर मार्लिस आज उभी होती. आणि ही बया सकाळी ट्रेसच्या सांगण्यावरून तो खारट चहा आणि वर मोठी बाटलीभर पाणी घटाघटा पिऊन काट्यावर चढली, मग प्लास्टिकचा झगा घालून तापवलेल्या तंबूत तीन तास नाचली. घशाखाली थेंब नाही. ओठ पांढरेफटक पडले होते. आता ट्रेस सांगत होता की हेच सात दिवस रोज घरी करायचं. त्यासाठी पहिलं नाव जोलीनने दिलं होतं.

गर्दी रेटत मार्लिस मंचापाशी पोचली. "जोलीन, हे पाणी पी."

"नको. आग विझेल."

"अगं, आग कसली घेऊन बसलीस! तुझं मूत्रपिंड विझेल!"

"मार्लिस, जन्मात पहिल्यांदा लोक माझ्यासाठी टाळ्या वाजवतायत," जोलीन म्हणाली. "तेवढंही बघवत नाही का तुला?"

मार्लिसच्या ते काळजाला लागलं. पण राग बहिणीचा आला नाही, त्या तेलकट दंडांचा आला. ती तरातरा मंचावर चढली.

"खाली उतरा, डॉक्टरीणबाई!" पहिल्या रांगेतून म्हातारा एल्रॉय ओरडला. "गेल्या वर्षी माझ्या नातवाचा गोऱ्हा स्पर्धेतून बाद केलात, आता माणसं बाद करायला निघालात होय?"

"बरी आठवण काढलीस. का बाद केला होता रे? सांग की चारचौघांत."

एल्रॉयने आवाज खाली आणला. "पोरट्याने वजनाच्या आधी नळीने पाणी पाजलं होतं."

"कशाला?"

"वजन वाढायला! आणखी कशाला?"

"आणि बाजाराला नेताना जनावराला दिवसभर चारा-पाणी नाही मिळालं तर?"

"घटतं. हे काय विचारणं झालं?"

"घटतं म्हणजे मांस जातं?"

"मांस कसलं डोंबलाचं! पाणी आणि शेण जातं," एल्रॉय म्हणाला, आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

मंडपात कुजबुज सुरू झाली. बाजारात कधी पाण्यातल्या म्हशीचं बाहेर मोल न करणारी ही माणसं. डुकरांच्या बाबतीत त्यांना कुणी फसवू शकलं नसतं.

ट्रेस दात दाखवत पुढे आला. "बाई, माणूस म्हणजे काय गोऱ्हा आहे?"

"छे! गोऱ्ह्याला तहान लागली की तो पाणी पितो. तेवढी अक्कल त्याला आहे."

लोक खो खो हसले. ट्रेसच्या कपाळावर शीर उठली. त्याने मार्लिसला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमच्याकडे बघून तर वाटत नाही की तुम्ही कधी एक पौंड तरी उतरवला असेल."

"नाही उतरवला. आता चढवून दाखवते." मार्लिस डुकरांच्या काट्यावर उभी राहिली. "एल्रॉय, वाच."

"दोनशे एक."

तिने दोन बाटल्या पाणी तिथेच रिचवलं. "आता वाच."

"दोनशे तीन."

"दोन मिनिटांत दोन पौंड! काय प्याले मी? चरबी?"

"पाणी," एल्रॉय हळूच म्हणाला.

"मग यांनी सकाळी काय केलं? आधी पाजलं, मग तोललं. मग भट्टीत घालून तेच पाणी घामावाटे काढलं आणि परत तोललं. भरलेली बाटली रिकामी केली आणि म्हणे बाटली बारीक झाली!"

"श्रद्धा नसेल त्याला गुण येत नाही!" ट्रेस किंचाळला.

"काट्याला श्रद्धा लागत नाही."

"मग हा व्हर्लिन? याला साऱ्या देशाने पाहिलंय!" ट्रेसने व्हर्लिनच्या खांद्यावर हात टाकला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "करार लक्षात आहे ना?" पण त्याच्या हातातला माइक चालू होता. सगळ्या मंडपाने ते ऐकलं.

व्हर्लिनने मान वर केली. तो घामाने थबथबला होता.

"टीव्हीवरचा तो आठवडा म्हणजे आठवडा नव्हताच," तो म्हणाला. "तीन आठवडे होते. पहिल्या वजनाआधी मला खारट खायला घालून पाणी पाजपाज पाजलं. शेवटच्या वजनाआधी दोन दिवस घोटभर नाही. लघवी तांबडी झाली होती. माझी बायको रडत होती फोनवर."

"खरे किती उतरले?" मार्लिसने विचारलं.

"नऊ. रोज मरमर राबून फक्त नऊ. लाज वाटायची सांगायची."

"लाज कशाची? चोवीसांतले तेवढेच तर तुझे आहेत. ते कुठल्याही बाटलीने परत चढायचे नाहीत."

"कोर्टात भेटू, हॉगन!" ट्रेसचा आवाज चिरकला.

"भेटू की! तिथेही नऊच सांगेन."

मग एल्रॉयने टाळी वाजवली, आणि पाठोपाठ मंडप उठला. ट्रेस आपला चहा गोळा करायला लागला.

जोलीन मात्र जागची हलली नव्हती. "म्हणजे माझं काहीच उतरलं नाही?" तिने बारीक आवाजात विचारलं.

थोडंसं खोटं बोलायचा मोह मार्लिसला झाला. पण नाही म्हणजे नाही. "आज काही नाही, बाळा. पण तीन तास तू जीव तोडून नाचलीस, ते खरं होतं. आकडा खोटा होता."

जोलीनने डोळे पुसले. बाटली घेतली आणि सगळ्यांदेखत शेवटच्या थेंबापर्यंत प्याली. मग स्वतः होऊन काट्यावर चढली. "एल्रॉय, वाच. मोठ्याने वाच!"

आकडा वाढला होता. एल्रॉयने तो खणखणीत वाचला, आणि जोलीन हनुवटी वर करून तिथेच उभी राहिली.

तर मंडळी, बैल घेताना आपण त्याचे दात बघतो, चार पावलं चालवून बघतो. मग पडद्यावर कुणी सात दिवसांत अर्धा झाला की आपली चौकसबुद्धी कुठे पेंड खायला जाते? आधी काय पाजलं, नंतर काय पाजलं नाही, आणि तो आठवडा नक्की केवढा होता, एवढं विचारा. जो उत्तर द्यायचं सोडून श्रद्धा मागतो, त्याला घरचा रस्ता दाखवा. अंगमेहनत जरूर करा, उतरेल तेवढंच ताठ मानेने सांगा. आणि तहान लागली, तर पाणी प्या.